पिल्लाचा डोळा चिकटला तर: आधी ऊब, मग पाणी, मग दाणा, मग डोळा

सकाळी खुराड्याचं दार उघडलं, सगळी पिल्लं दाण्याकडे धावली आणि एकच मागे राहिलं, तर आधी त्याला उचला. बहुतेक वेळा ते कोपऱ्यात मान आखडून, पंख जरा खाली सोडून उभं असतं. एक डोळा उघडा, दुसरा मिटलेला, पापणीच्या कडेला पिवळट चिपडं सुकलेलं. मध्येच डोकं वळवून तो डोळा खांद्याच्या पिसांवर घासतं. नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांना हे पहिल्याच पावसाळ्यात बघावं लागतं, आणि घाबरून हात लगेच डोळ्याकडेच जातो.

माझाही गेला होता. आमच्याकडे संगमेश्वर तालुक्यात पंधरा-वीस गावरान कोंबड्या असतात आणि वर्षात तीन-चार खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबड्यांखाली पिल्लं निघतात. पहिल्या वर्षी अशाच एका पिल्लाचा डोळा मी दिवसातून पाच-पाच वेळा पुसला. तिसऱ्या दिवशी डोळा उघडला, मला हायसं वाटलं. चौथ्या दिवशी सकाळी पिल्लू खोक्यात आडवं पडलेलं होतं. हातात घेतलं तेव्हा छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं बोटाला लागलं आणि गळ्याखालची दाण्याची पिशवी अगदी रिकामी होती. डोळा बरा होत होता, पिल्लू उपाशी गेलं होतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे, तोच इथे सांगते. कोंबडीचं पिल्लू दाणा वासाने हुंगून शोधत नाही, नजरेने टिपतं. एक डोळा मिटला की त्याची चोच दाण्याच्या बाजूला पडते. दोन्ही मिटले की समोर भरलेलं ताट असूनही ते उपाशी राहतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम 35-40 ग्रॅमचं असतं. एवढ्याशा जिवाला एक दिवसाची उपासमार आणि एका रात्रीचा गारठा पुरेसा होतो.

वेगळं करा आणि उबेत ठेवा

पुठ्ठ्याचं खोकं घ्या, फळांच्या दुकानातलं चालेल. बाजूंना वरच्या अंगाला सात-आठ भोकं पाडा. खाली तूस किंवा भुसा घालू नका, कारण त्याची धूळ आणि बारीक काड्या पुन्हा डोळ्यात जातात. जुन्या सुती साडीचा किंवा पंचाचा तुकडा अंथरा आणि तो रोज बदला. वर्तमानपत्र नको, त्यावर पिल्लाचे पाय घसरतात आणि पाय फाकतात.

खोक्याच्या एका टोकाला 40 किंवा 60 वॅटचा पिवळा बल्ब टांगा, दुसरं टोक जरा थंड राहू द्या. एलईडी बल्ब उपयोगाचा नाही, तो उजेड देतो पण ऊब देत नाही. बल्बखाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 32 ते 35 अंश सेल्सियस असावं. पिल्लू दोन आठवड्यांहून मोठं असेल तर 30 पुरे. थर्मामीटर नसेल तर पिल्लूच सांगतं: बल्बखाली चिकटून चिवचिवत बसलं तर ऊब कमी आहे, लांब जाऊन चोच उघडून धापा टाकतंय तर जास्त आहे. वीज गेली, आणि कोकणात पावसाळ्यात ती जातेच, तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा. कोळशाची शेगडी खोक्याजवळ आणू नका. तिचा धूर आधीच दुखऱ्या डोळ्याला झोंबतो आणि बंद खोलीत कोळशाच्या वायूने पिल्लंच काय, माणसंही दगावतात.

खोकं दिवसा उजेडाच्या ठिकाणी ठेवा, पण वाऱ्याच्या झोतात नको.

वेगळं करण्याचं दुसरंही कारण आहे. डोळ्याच्या पुष्कळ तक्रारी संसर्गाच्या असू शकतात आणि त्या एकाच भांड्यातल्या पाण्यातून पसरतात. शिवाय पिल्लांना चमकणाऱ्या, ओल्या किंवा लाल गोष्टीवर चोच मारायची खोड असते. दुखरा डोळा हे त्यांना नेमकं तसंच लक्ष्य वाटतं. म्हणून आजारी पिल्लाची वाटी वेगळी, फडकं वेगळं. सकाळचं काम आधी धडधाकट कोंबड्यांचं उरका, आजाऱ्याकडे सगळ्यात शेवटी जा, आणि नंतर साबणाने हात धुवा. खुराड्यात जायची चप्पल घरात फिरवू नका.

पिल्लू एकटं पडलं की फार ओरडतं. त्यात दुसरं निरोगी पिल्लू सोबतीला टाकावं असं वाटतं, पण ते करू नका. एक लहान आरसा किंवा मऊ कापडाची गुंडाळी ठेवली तरी बरंच शांत होतं.

पाणी, मग दाणा

उबेत अर्धा तास गेला की पाण्याकडे वळा. गार पडलेल्या पिल्लाला लगेच पाजू नये, त्याला गिळता येत नाही.

एक पेला कोमट पाण्यात अर्धा चहाचा चमचा साखर विरघळवा. पिल्लू मुठीत घ्या, चोचीचं फक्त टोक पाण्यात बुडवा आणि लगेच वर काढा. नाकपुड्या चोचीच्या वरच्या अंगाला मुळाशी असतात, तिथपर्यंत पाणी जाऊ देऊ नका. ओली चोच लागली की पिल्लू मान वर करून गिळतं. तसं गिळताना गळ्यावर लहानशी हालचाल दिसते. आठ-दहा वेळा असं करा. ते इतकं मलूल असेल की चोच बुडवूनही पीत नाही, तर ड्रॉपरने एक-एक थेंब चोचीच्या कडेवर ठेवा, थेंब आपोआप आत ओढला जातो. चोच उघडून आत पिचकारी मारू नका. श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी सरळ फुप्फुसात जातं.

साखरेचं पाणी पहिले चार-सहा तासच. नंतर साधं उकळून गार केलेलं पाणी. वाटी उथळ हवी आणि तिच्यात दोन-तीन स्वच्छ गोटे टाका, म्हणजे न दिसणारं पिल्लू आत पडून भिजणार नाही.

दाणा ओला करून द्या. चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांसाठीचं तयार खाद्य, कोमट पाण्यात कालवून भाकरीच्या पिठापेक्षा जरा सैल ठेवा, त्यात उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चिमूटभर कुस्करा. ओलं खाणं चोचीला चिकटतं, त्यामुळे नेम चुकला तरी थोडं पोटात जातं. बलक चार तासांत खराब होतो, विशेषतः बल्बच्या उबेत, म्हणून थोडं-थोडं करा आणि उरलेलं फेकून द्या.

आता एक गोष्ट खोक्याशी बसून करायची आहे. कोंबडी पिल्लांना दाणा दाखवते तेव्हा ती जमिनीवर टकटक चोच मारत घशातून कुक्-कुक् आवाज काढते. तुम्ही तर्जनीच्या नखाने वाटीच्या कडेवर तसंच टकटक करा. पिल्लू आवाजाच्या दिशेने वळतं, मान खाली घालतं, टोचायला लागतं. दोन्ही डोळे मिटलेली पिल्लंसुद्धा मी अशी खाताना पाहिली आहेत. वाटीची जागा मात्र बदलू नका, ते जागा लक्षात ठेवतं.

दर दोन तासांनी गळ्याखाली, छातीच्या उजव्या बाजूला बोट लावून बघा. खाल्लेलं असेल तर तिथे हरभऱ्याएवढी-चिंचोक्याएवढी मऊ गोळी लागते. रात्री झोपण्याआधी ती भरलेली असलीच पाहिजे. स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर रोज सकाळी पिल्लाचं वजन करून लिहून ठेवलं तर फार उपयोग होतो. डोळा तसाच दिसत असला तरी वजन वाढतंय म्हणजे पिल्लू झगडतंय.

डोळा धुताना

लागतं ते एवढंच: औषधाच्या दुकानातली नॉर्मल सलाईनची 100 मिलीची बाटली, स्वच्छ कापूस किंवा गॉज, सुई काढलेली लहान सिरिंज, एक मऊ फडकं. सलाईन मिळाली नाही तर अर्धा लिटर पाणी दहा मिनिटं उकळा, त्यात पाऊण सपाट चहाचा चमचा साधं मीठ विरघळवा आणि कोमट होऊ द्या. दुसऱ्या दिवशी नवीन करा.

पिल्लू फडक्यात गुंडाळा, डोकं बाहेर. छाती आवळू नका. कोंबड्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छाती वर-खाली झाली तरच त्यांचा श्वास चालतो, ती दाबली तर पिल्लू हातातच गुदमरतं. नवख्या माणसाकडून प्रेमापोटी हीच चूक होते.

सुकलेलं चिपडं ओढून काढायचं नाही. कोमट सलाईनमध्ये कापसाचा बोळा भिजवून तो मिटलेल्या पापणीवर दोन-तीन मिनिटं नुसता धरून ठेवा. गार झाला की दुसरा. पिल्लू याने शांत होतं, कधी पेंगतंही. कडा मऊ झाल्या की नाकाकडून बाहेरच्या बाजूला एकदाच हलकेच पुसा आणि तो बोळा फेकून द्या. प्रत्येक पुसण्याला नवा बोळा, आणि एका डोळ्याचा दुसऱ्याला नाही. मग सिरिंजने चार-पाच थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातून वाहू द्या, जोराची धार नको.

पापणी उघडल्यावर बॅटरीचा उजेड बाजूने टाकून बघा आणि दुसऱ्या, चांगल्या डोळ्याशी ताडून पाहा. पुढच्या कोपऱ्यातून एक पातळ पांढुरका पडदा झरकन सरकताना दिसेल. ती कोंबडीची तिसरी पापणी, आजार नव्हे. पुष्कळजण तिलाच मोतीबिंदू समजून घाबरतात. बघायचं ते हे: बुबुळ चकचकीत काळं आहे की त्यावर धुरकट पांढरा डाग आहे? पापणीच्या आत काही अडकलंय का? कोपऱ्यात फेस आहे का?

कधी पापणीखाली मोत्यासारखी पांढरी-पिवळी गाठ दिसते. तो पू असतो. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही, तो पनीरसारखा घट्ट साकळतो, म्हणून नुसत्या औषधाने विरघळून जात नाही. भिजवून-भिजवून त्याची कड मोकळी झाली तर ओल्या कापूसकाडीने अलगद बाहेर ढकला. दोन दिवस भिजवूनही सुटला नाही तर चिमट्याने ओढू नका, पशुवैद्यकाकडे न्या. ओढताना बुबुळ फाटलं तर तो डोळा गेलाच.

पहिला दिवस तीन वेळा, नंतर सकाळ-संध्याकाळ. याहून जास्त नको. पिल्लाला खायला, झोपायला वेळ हवा, आणि दर वेळी हातात धरण्याने ते दमतं.

डोळ्यात काय घालायचं, काय नाही

धुळीने किंवा तुसाने चुरचुरलेला डोळा नुसत्या सलाईनने दीड-दोन दिवसांत बरा होतो. पू असेल तर अँटिबायोटिक मलम लागतं आणि ते पशुवैद्यकाने सांगितलेलंच घाला. तांदळाच्या दाण्याएवढं मलम खालच्या पापणीच्या आत ठेवायचं आणि अर्धा मिनिट पिल्लू धरून ठेवायचं, नाहीतर ते लगेच खांद्यावर पुसून टाकतं. डोळा दुसऱ्या दिवशी उघडला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा.

घरातल्या कपाटात पडलेली डोळ्याची औषधं दोन कारणांनी धोक्याची आहेत. एक, त्यांतल्या बऱ्याच थेंबांत डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असतं. ही स्टेरॉइडं आहेत. बुबुळावर ओरखडा असेल तर ती जखम भरू देत नाहीत, डोळा फुटूही शकतो. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. दोन, आपल्या घरोघरी असलेली क्लोरॅम्फेनिकॉलची मलमाची कॅप्सूल. अंडी-मांसासाठी पाळलेल्या जनावरांत हे औषध वापरायला आपल्या देशात बंदी आहे, कारण ते खाण्यातून माणसाच्या पोटात जाऊन काहींच्या रक्तपेशींवर घातक परिणाम करतं. पिल्लू उद्याची कोंबडी आहे, तिची अंडी घरातली मुलं खाणार आहेत.

घरगुती उपायांबद्दल मला नेहमी विचारतात. हळद जखमेवर लावतात हे खरं, पण हळदीची पूड डोळ्यात म्हणजे बारीक रेतीच. तुरटी झोंबते. मध चिकट होऊन त्यावर तूस बसतं. लिंबू, कांद्याचा रस, काजळ, विडीचा धूर, यातलं काहीही नको. पोटॅशियम परमँगनेटचं गुलाबी पाणी पाय आणि भांडी धुवायला ठीक आहे, डोळ्यात ते भाजतं. आमच्या शेजारच्या काकू अजूनही लसणाचं पाणी पाजतात. पाजायला हरकत नाही, फक्त त्या भरवशावर दिवस घालवू नका.

डोळा का आला ते शोधा

इथे घाई करू नका, कारण यावर बाकीच्या पिल्लांचं भवितव्य ठरतं.

आधी खुराड्यात जा आणि पिल्लाच्या उंचीवर नाक नेऊन बसा. अक्षरशः गुडघे टेकून बसा. उभ्या माणसाला जो वास येत नाही तो जमिनीपासून वीतभर उंचीवर दाटलेला असतो. नाकात झिणझिण्या आल्या, डोळे चुरचुरले, तर तो अमोनिया. ओल्या तुसात विष्ठा कुजली की तो तयार होतो. हवेत त्याचं प्रमाण 25 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 25 भाग) पुढे जाऊ नये असं कुक्कुटपालनात मानतात, आणि तुमच्या डोळ्यांना झोंबतंय म्हणजे पिल्लांसाठी ते केव्हाच जास्त झालेलं आहे. अशा वेळी एकापेक्षा अधिक पिल्लांचे दोन्ही डोळे लाल, ओले, मिचमिचे दिसतात, उजेड नको वाटतो. यावर औषध म्हणजे कोरडं तूस आणि वारा. आमच्याकडे आषाढ-श्रावणात गारठा लागेल म्हणून खुराड्याला चारी बाजूंनी प्लास्टिक बांधतात आणि नेमका तिथेच घात होतो. वरची वीतभर जागा जाळीची उघडी ठेवा. ओल्या तुसावर चुना मारून पिल्लं तशीच आत ठेवू नका. चुन्याने अमोनिया आणखी मोकळा होतो आणि चुन्याची धूळ डोळ्याला भाजते ती वेगळीच.

एकाच पिल्लाचा एकच डोळा, अचानक, आणि पिल्लू बाकी तरतरीत असेल तर बहुधा तुसाची काडी किंवा दुसऱ्याची चोच.

पापणीच्या कडेला बारीक काळे ठिपके चिकटलेले दिसले तर नखाने खरवडू नका. त्या पिसवा असतात, डोके आत खुपसून बसतात. त्यांच्यावर वॅसलीनचा पातळ थर लावा, त्या गुदमरून मरतात आणि गळतात. खुराडं मात्र साफ करावंच लागतं.

डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस, सोबत शिंका, नाक वाहणं, रात्री शांततेत कान दिला तर छातीत घरघर: ही मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूची, म्हणजे पोल्ट्रीवाले ज्याला सीआरडी म्हणतात त्या आजाराची चाल आहे. त्यावर पाण्यातून द्यायची अँटिबायोटिक आहेत, पण कुठलं आणि किती दिवस ते पशुवैद्यकच ठरवतील. या आजारातून उठलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसली तरी जंतू बाळगून असते आणि अंड्यातून तो पुढच्या पिल्लांत जातो. तिची अंडी खा, पण खुडूक कोंबडीखाली ठेवू नका.

तोंड एका बाजूने सुजलं, डोळा सुजेत बुडाला आणि नाकाजवळ हुंगल्यावर घाण वास आला तर कोरायझा, म्हणजे कोंबड्यांची संसर्गाची सर्दी. हा बहुतेक मोठ्या कोंबड्यांना होतो, पण बाजारातून आणलेल्या तलंगांबरोबर (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांबरोबर) घरात येतो. म्हणून बाजारातलं पाखरू निदान दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा.

पापण्यांवर, चोचीच्या कडेला, तुऱ्यावर खरबरीत फोड आणि मग काळ्या खपल्या: या देव्या. डास त्या पसरवतात, म्हणून पावसाच्या शेवटी जास्त. विषाणूवर औषध नाही, तीन-चार आठवड्यांत खपल्या आपोआप गळतात. त्या उपटू नका. तोवर डोळा धुणं, मऊ खाणं, आणि चोच उघडून आत पिवळट थर आहे का ते बघणं. घशात थर असेल तर श्वास कोंडतो, तो प्रकार जास्त वाईट. बाकीच्या निरोगी पाखरांना देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत टोचून देतात.

आता अशी एक गोष्ट जी आमच्या कोकणात फार घडते आणि कुणी आजार म्हणून बघत नाही. तांदळाची कणी. गिरणीतून आणलेली कणी स्वस्त पडते, पिल्लं आवडीने खातात, आणि महिनाभर त्यांना दुसरं काही मिळत नाही. कणीत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच. देशावर आणि विदर्भात नुसत्या ज्वारीवर वाढवलेल्या पिल्लांची तीच गत. आईच्या अंड्यातून आलेली पुंजी संपली की डोळे कोरडे पडतात, पाणी येतं, पापण्या चिकटतात, आत पांढरं दह्यासारखं साचतं. पिसं विस्कटलेली, चाल डगमगती. अशा डोळ्यात कितीही मलम घाला, पोटात कमी असेल तोवर तो पुन्हा चिकटणार. चिक स्टार्टर सुरू करा, पिवळा मका भरडून द्या, आणि शेवग्याचा किंवा हादग्याचा कोवळा पाला कात्रीने मोहरीएवढा बारीक कापून ओल्या दाण्यात मिसळा. दुखणं जास्त झालं असेल तर पशुवैद्यकाकडून पाण्यात घालायची जीवनसत्त्वं घ्या. माणसांची कॅप्सूल फोडून अंदाजाने पाजू नका, अ जीवनसत्त्व शरीरात साठतं आणि जास्तीचं बाधतं. स्टार्टरसुद्धा महिन्या-दीड महिन्यात संपेल एवढंच आणा. दमट हवेत जुन्या खाद्यातलं जीवनसत्त्व उडतं आणि बुरशी धरते, आणि बुरशीच्या धुळीनेही डोळ्यात तसाच पिवळा खडा बनतो.

आणखी एक, काळजीचं नसलेलं कारण. पाच ते सात दिवसांच्या पिल्लांना राणीखेत म्हणजे मानमोडीची लासोटाची लस डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. त्यानंतर दोन-चार दिवस डोळे जरा पाणावतात, एखादी शिंक येते. ऊब सांभाळा, एवढंच. ती लस आपल्या डोळ्यात उडाली तर आपलाही डोळा लाल होतो, म्हणून देताना तोंड बाजूला ठेवा. आधीच आजारी असलेल्या पिल्लाला मात्र लस देऊ नये.

वाट न बघता फोन करायचा तो कधी

48 तास सगळं नीट करूनही डोळ्यात फरक नाही, बुबुळावर पांढरा डाग आला, चोच उघडी टाकून श्वास चाललाय किंवा एकाचे चार झाले, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. जाताना पिल्लाचं वय, खाणं, कधीपासून, किती जणांना, कुठली लस कधी दिली आणि विष्ठेचा रंग एवढं कागदावर लिहून न्या. मोबाइलवर डोळ्याचा फोटो रोज एकाच उजेडात काढलेला असेल तर डॉक्टरांचं अर्धं काम होतं. एका गावरान पिल्लासाठी कशाला, असं कुणी हसून म्हणालं तरी मागे फिरू नका, त्या एका पिल्लामुळे बाकीची तीस वाचतात. औषध दिलं तर अंडी किंवा मांस किती दिवस खायचं नाही हेही विचारून घ्या.

डोळ्यांबरोबर हिरवी हगवण, मान वळणं, लुळे पाय, किंवा एक-दोन दिवसांत पटापट मर सुरू झाली तर तो डोळ्याचा प्रश्नच नाही. मानमोडी असू शकते, बर्ड फ्लू असू शकतो. भारतातली बर्ड फ्लूची पहिली साथ 2006 च्या फेब्रुवारीत आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडली होती. अशा वेळी पाखरं विकू नका, कापू नका, नातेवाईकांना देऊ नका, मेलेली उघड्या हाताने उचलू नका, लगेच पशुसंवर्धन खात्याला कळवा.

परत सोडताना

डोळा उघडला म्हणून त्याच दिवशी सोडू नका. चिपडं बंद झालं, दोन्ही डोळे सारखे दिसले, वजन वाढलं आणि औषध संपलं, त्यानंतरही तीन दिवस थांबा. रात्रीचा बल्ब हळूहळू कमी करा. मग दिवसा खुराड्याशेजारी डालग्याखाली ठेवा, म्हणजे बाकीची पिल्लं त्याला बघतील पण टोचू शकणार नाहीत. आठ-दहा दिवस लांब राहिलेलं पिल्लू त्यांना परकं वाटतं, कधी आईलाही. दोन दिवसांनी संध्याकाळी, अंधार पडता पडता, सगळी बसली असताना आईच्या पंखाखाली सरकवा आणि सकाळी उजाडायच्या आत तिथे हजर राहा. कुणी टोचत असेल तर पुन्हा डालग्याखाली.

त्याआधी खुराड्यातलं सगळं तूस काढून उन्हात लांब टाका, भांडी गरम पाण्याने घासा, जमीन कोरडी होऊ द्या आणि दोन इंच नवं तूस पसरा. पाण्याचं भांडं विटेवर ठेवलं की भोवती कमी सांडतं.

कधीकधी सगळं करूनही डोळा जातो, आत वाळून बसतो. म्हणून पिल्लू टाकून देऊ नका. आमच्याकडे एक तांबडी कोंबडी आहे, डावा डोळा पिल्लूपणीच गेलेला. ती दाणा टिपताना मान पूर्ण उजवीकडे वळवते, म्हणून तिला खायला जरा जास्त वेळ लागतो आणि दांडग्या कोंबड्या तोवर तिचा वाटा संपवतात. तिच्यासाठी मी मूठभर दाणा उजव्या बाजूला, भिंतीलगत वेगळा टाकते. तिच्या डाव्या बाजूने आवाज न करता गेलं तर दचकून उडते, म्हणून आधी हाक मारायची. आज या पावसाळ्यात ती नऊ अंड्यांवर बसली आहे.